न्यव्ह-शापेलचा ४५ मिनिटांचा ब्रेक

पॅरिसहून ब्रसेल्सला निघायच्या आदल्या रात्री सुभेदार काकांनी मला हॉटेलच्या लॉबीत गाठलं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, रिटायर झालेले, अख्ख्या टूरमध्ये ज्यांनी एक तक्रार केली नाही असे एकमेव.

"साहेब, वाटेत न्यव्ह-शापेल लागतं का हो?"

उत्तर फ्रान्समधलं हे छोटं गाव वाटेत लागत नाही. ४२ माणसांची बस एकासाठी आडवाटेला न्यायची म्हणजे टूर मॅनेजरने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. पण ड्रायव्हरला साडेचार तासांमागे ४५ मिनिटांचा ब्रेक सक्तीचा असतो. तो पेट्रोलपंपाऐवजी तिथे घ्या, म्हणून मी त्याला पटवलं.

बेथ्यूनच्या पुढे सपाट शेतं, विटांची घरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गावाबाहेरच्या चौकात मात्र गोल भिंतीचं आवार, आत अशोकस्तंभाच्या धर्तीचा साधारण १५ मीटर उंच खांब, पायथ्याशी दोन दगडी वाघ. पहिल्या महायुद्धात इकडे पडलेल्या आणि कबरही न मिळालेल्या भारतीय सैनिकांचं हे स्मारक, १९२७ सालचं. भिंतीवर ४,७०० च्या वर नावं.

आणि टॉयलेट नाही. हे मला उतरल्यावर कळलं. पुढची दहा मिनिटं काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही.

काका केव्हाच भिंतीपाशी पोचले होते. "इथली मार्च १९१५ ची लढाई पुस्तकात असते. त्याच्या आधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, हे गाव जर्मनांकडून परत घ्यायला ४७ शीख पलटणीबरोबर आमच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या घुसल्या. आमचं काम खंदक खणायचं, पूल बांधायचं. त्या दिवशी संगिनी लावून घराघरातून लढले. गाव घेतलं, पण टिकवता नाही आलं."

सॅपर्सची नावं सापडली. चष्मा बसमध्ये राहिलेला. "वाचा तुम्ही."

दगडातली इंग्रजी अक्षरं मी एकेक वाचू लागलो. नुसती नावं, गाव नाही, तालुका नाही. प्रत्येक नावाला काका "हं" म्हणायचे, मग बोट खालच्या ओळीवर. एकदा मी घाईत एक ओळ गाळली, तर बोट तिथेच थांबलं.

मागे कुजबुज बंद झाली होती. टॉयलेटवरून सगळ्यात जास्त भांडलेल्या काकू पायातले बूट काढून उभ्या होत्या.

ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा ५५ मिनिटं झाली होती. काकांनी अभिप्रायाच्या वहीत हुद्दा लिहिला, त्यापुढे 'खडकी', आणि शेरा म्हणून मराठीत दोनच शब्द: 'येऊन गेलो.'