हरवलेल्या वस्तूंचा शेजार

सांगलीत भांड्यांच्या दुकानात नवे पातेले घेतले, की पैसे हातात पडण्याआधीच दुकानदार विचारतो, "नाव काय घालायचं?" मग विजेवर थरथरणारे छोटे यंत्र तो काठाशी टेकवतो आणि कर्रर्र आवाज करीत ठिपक्याठिपक्यांनी आद्याक्षरे, आडनाव, आणि भेट द्यायची असेल तर तारीखसुद्धा उमटवतो. कार्यप्रसंगी गल्लीभर फिरलेली पातेली आणि पराती चार दिवसांनी ज्याच्या त्याच्या मांडणीवर परत येतात, त्या या ठिपक्यांच्या जोरावर. वस्तूचा माग काढण्याचे याहून स्वस्त साधन मी पाहिलेले नाही, आणि त्याचे पेटंट घ्यावे असे कुणाच्या मनातही आले नसावे.

आता किल्ल्यांना अडकवायचा ब्लूटूथ टॅग मिळतो. गंमत अशी, की आपण कुठे आहोत हे बहुतेक टॅगना स्वतःला ठाऊकच नसते. त्यांत जीपीएस नसते. बटणासारख्या चपट्या सेलवर ते महिनोन्‌महिने क्षीण संकेत तेवढे सोडत राहतात. जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा फोन तो संकेत टिपतो, त्याला स्वतःचे ठिकाण जोडतो आणि फोनवाल्याच्या नकळत पुढे कळवून मोकळा होतो. त्यामुळे मारुती चौकात पडलेली किल्ली लगेच नकाशावर दिसेल. तीच पलूसकडे उसाच्या फडात पडली, तर तोडणीची टोळी येईपर्यंत टॅग बोंबलत राहील आणि ऐकायला कुणी नसेल. पातेल्यालाही शेजारी लागतात आणि टॅगलाही. फरक इतकाच, की पातेल्याचे शेजारी वाचता येणारे असले म्हणजे पुरते.

एकट्या संशोधकाची खरी कोंडी इथे होते. टॅग तो घरातल्या टेबलावर तयार करील, त्यातल्या नव्या युक्तीचे पेटंटही मिळवील. पण संकेत ऐकणारे कोट्यवधी फोन तो कुठून आणणार? अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८४९ साली सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि ते ४०० डॉलरला विकून टाकले. तो व्यवहार आज हळहळ वाटावी असा आहे खरा, पण त्यांच्या पिनेला कुणाची साथ लागत नव्हती. पदराला लावली की तिचे काम झाले. आपल्याकडचे शंकर आबाजी भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. त्यांचे छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, पाडणारे यंत्र कल्पनेत कुठेच कमी नव्हते. तरी भांडवलासाठी त्यांना आधी लंडन आणि पुढे न्यूयॉर्क गाठावे लागले.

आपला पेटंटचा कायदा मात्र एकट्या माणसाशी बरा वागतो. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे हक्क मिळतो आणि मोठ्या कंपनीला ऑनलाइन अर्जासाठी जिथे ८,००० रुपये भरावे लागतात, तिथे व्यक्तीला १,६०० पुरतात. अट मात्र कडक आहे. १९७० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की आधीच माहीत असलेली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिले, तर तो शोध ठरत नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर लेथ चालवलेल्या आमच्या ओळखीच्या काकांनी काठीत बॅटरी, शिट्टी आणि औषधांची डबी बसवली होती. त्यांच्या वकिलांनी हेच कलम दाखवून त्यांना परत पाठवले. मला विचाराल तर कलम योग्य आहे. पण काठी उत्तम आहे, आणि काकू ती रोज वापरतात.

काका आता चष्म्याच्या मागे लागले आहेत. घरात चष्मा शोधायला गावभरच्या फोनांची काय गरज, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. म्हणून त्यांनी दोनच तुकडे केले आहेत: भिंतीवरचे बटण दाबले की चष्म्याच्या घरातला बझर वाजतो. परस्परांचे काम ओळखणारी ही जोडी तरी कलमातून सुटेल, अशी त्यांना आशा आहे. पहिला बझर वाजला तेव्हा नातवाने कान झाकले आणि काकू शांतपणे भाजी निवडत राहिल्या. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, हे काकांच्या तेव्हा ध्यानात आले. सध्या ते आवाज खालच्या पट्टीत आणण्याच्या खटपटीत आहेत. त्यासाठी बझर मोठा लागतो, आणि मोठा बझर बसवला की चष्म्याच्या घरात चष्मा मावत नाही.