वारुळातली अळंबी

आषाढ सरत आला की सिंधुदुर्गातल्या आमच्या आजोळी मामा पहाटेच राईत जातात आणि पंचात अळंबी बांधून आणतात. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, कारण ही अळंबी वारुळावर किंवा वारुळालगतच उगवते. लहानपणी मला हा योगायोग वाटे. प्रत्यक्षात त्यामागे वाळवी आणि कवक (बुरशी) यांची सुमारे ३ कोटी वर्षांची भागीदारी आहे.

आपण खुडतो ते त्या कवकाचे केवळ फळ होय. खुद्द कवक जमिनीखाली, वारुळाच्या पोटात बारमाही जगत असते आणि वाळवी त्याची अक्षरशः शेती करते. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली या प्रजातीला ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिले. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन पचवणे वाळवीला जड जाते. म्हणून कामकरी वाळव्या सुकी पाने, काटक्या, गवत खाऊन अर्धवट पचलेल्या विष्ठेचे स्पंजासारखे सच्छिद्र पोळे रचतात. त्यावर कवकाचे तंतू पसरतात, लिग्निन आणि सेल्युलोज मोडून काढतात आणि पोळ्यावर पांढरे, मोहरीएवढे दाणे धरतात. हे दाणे आणि मऊ झालेले जुने पोळे हेच वाळवीचे अन्न. वसाहत उजाड झाली की थोड्याच दिवसांत दुसरी बुरशी ते पोळे व्यापून टाकते, इतकी ही मशागत अखंड चाललेली असते.

पावसाळ्यात कवकाचा दांडा पोळ्यापासून मातीतून वाट काढत वर येतो. म्हणूनच ही अळंबी उपटताना मुळासारखे लांब शेपूट हाती लागते. (केवळ तेवढ्यावरून मात्र कोणीही रानातली अळंबी ओळखू नये, जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय ती खाणे जिवावर बेतू शकते.)

मला खरी काळजी वाटते ती अळंबीची छत्री उघडण्याच्या त्या एका-दोन दिवसांची. पहिल्या पावसात पंखांच्या वाळव्या उडतात, जोड्या नवे घर करतात, आणि त्यांची पहिली कामकरी पिल्ले काही आठवड्यांनी बाहेर पडतात. बहुतेक जातींमध्ये नव्या वसाहतीला कवक आईबापांकडून मिळत नाही. ही पिल्लेच चाऱ्याबरोबर बीजाणू, म्हणजे कवकाचे बीजासारखे सूक्ष्म कण, घरात आणतात, आणि ते बीजाणू उघडलेल्या छत्रीखालच्या पडद्यांतून झडलेले असतात. बाजारात मात्र न उघडलेल्या कळ्यांनाच भाव अधिक, त्यामुळे आता कोकणात आणि गोव्यात कळ्याच खुडल्या जातात, कधी वारूळ उकरूनसुद्धा. जुने वारूळ वर्षानुवर्षे पीक देत राहते, म्हणून हा तोटा चटकन दिसत नाही. तो नव्या वारुळांना सोसावा लागतो.

मामा वारूळ उकरत नाहीत. प्रत्येक जागी दहा-बारा छत्र्या पूर्ण उघडू देतात आणि त्या काळ्या पडून त्यांची माती होईपर्यंत त्या बाजूने जातही नाहीत.