एंबत्तू की तोंबत्तू?

ट्रेनिंगच्या यादीत आक्कांचं, म्हणजे आमच्या आयाबाईंचं, नाव नव्हतं. त्या चहाची किटली घेऊन वर आल्या होत्या. डमीच्या छातीवर दाबायला माणूस कमी पडला, म्हणून ट्रेनर मॅडमनी त्यांना थांबवून घेतलं. आक्कांनी किटली खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि दाबायला लागल्या. आम्हा सगळ्यांपेक्षा बरं दाबलं त्यांनी.

मी बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं, शाळा मराठी, नोकरी मात्र चार भाषांत. १०८ चा माणूस पेशंट सोपवतो कन्नडमध्ये, नातेवाईक रडतात मराठीत, सिक्युरिटीवाला दटावतो हिंदीत आणि केसपेपर इंग्रजीत. डॉक्टर धारवाडकडचे, ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, निपाणीचा, शिकाऊ नर्स गोकाकची. गावाच्या नावावरून बाहेर जेवढी भांडणं होतात, तेवढी आत करायला आम्हाला वेळ नसतो. पण ऐकण्यात घोटाळे होतात, आणि ते भांडणापेक्षा वाईट.

टीमवर्कचं ट्रेनिंग म्हटल्यावर आम्ही नाइट उतरून, जांभया देतच गेलो. म्हटलं, आता एक काडी मोडते, मोळी मोडत नाही, तेच ऐकवणार. मॅडमनी विमानापासून सुरुवात केली. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. परवानगी नसताना एका जंबो जेटचा कॅप्टन उड्डाणासाठी धावपट्टीवर सुटला. समोरचं दुसरं विमान बाजूला झालं नाही काय, असं त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं. कॅप्टन म्हणाला, झालंय. कॅप्टन फार मोठा माणूस, पुढे कोण बोलणार? ५८३ माणसं गेली. त्यानंतर विमानवाल्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं ह्याचं शिक्षण सुरू केलं, आणि तेच पुढे हॉस्पिटलांत आलं. अमेरिकेत २००६ साली त्याचा टीमस्टेप्स नावाचा अभ्यासक्रम निघाला.

हे ऐकताना डॉक्टर मोबाइल बघत होते. मॅडमनी बघितलं, हसल्या, आणि क्रेप बँडेज घेऊन त्यांच्या डोळ्यांवर गुंडाळलं. म्हणाल्या, "तुम्ही टीम लीडर. पेशंटचं हृदय बंद पडलंय. चालू करा."

पुढची पाच मिनिटं मी विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, "अॅड्रेनलिन एक एमजी." मी सिरिंज भरली, दिलं, ट्रेमध्ये ठेवली. नेहमी देते तसं, तोंडातून शब्द न काढता. बँडेजमागचे डॉक्टर वाट बघत राहिले. मग चिडून, "अॅड्रेनलिन मागितलं ना!" ब्रदरने दुसरी सिरिंज भरून दिलं. दर तीन ते पाच मिनिटांनी द्यायचं औषध, एका मिनिटात दोनदा गेलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. दोन्ही रिकाम्या सिरिंज उचलून धरल्या, बस. एरवी डॉक्टर आमच्या हाताकडे बघून कळून घेतात, आणि आम्ही समजतो की आमचं काम चोख चाललंय.

मग परत केलं. नाव घेऊन सांगायचं, ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, झालं की "दिलं" म्हणायचं. चांगलं चाललं होतं, तोवर गोकाकची पोरगी मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघून ओरडली, "एंबत्तू!" ब्रदरने डॉक्टरांना सांगितलं, "सॅच्युरेशन नव्वद, सर." कन्नडमध्ये एंबत्तू म्हणजे ऐंशी, नव्वद म्हणजे तोंबत्तू. डमीवर कोणी दाबतंय, श्वास द्यायची बॅग फुसफुसतेय, त्यात पहिलं अक्षर कोण ऐकतो? ठरवलं, आकडे सुटे बोलायचे. एट-झीरो. नाइन-झीरो. भाषेचा अभिमान ड्यूटी संपल्यावर.

शेवटी वरच्याला कसं टोकायचं, हे झालं. एकदा बोलून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा बोलायचंच, हा नियम. शब्दही ठरलेले: मला काळजी वाटते, मला हे बरं वाटत नाही, पेशंटला धोका आहे. आक्का दाराशी कप गोळा करत होत्या. नंतर सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं, त्यांना अर्थातच नाही.

चार दिवसांनी, भर पावसातली पहाट. पाचच्या आधी जांबोटीकडचा सोळा वर्षांचा पोरगा आणला. पोटात दुखतंय, दोन वांत्या. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, मऊ होतं. अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, निरीक्षणाला ठेवलं. तेवढ्यात हायवेवरून अपघाताचे दोघे आले आणि आम्ही सगळे तिकडे धावलो.

आक्का पोराची वांती पुसत होत्या. माझ्याकडे आल्या. "सिस्टर, त्या पोराचे डोळे बघा. उघड म्हटलं की कपाळाला आठ्या घालतंय, पापणी काय वर जाईना."

मी म्हटलं, "रात्रभर जागलंय आक्का, झोप आली असेल."

हे मी म्हटलं. चार दिवसांपूर्वी सर्टिफिकेट घेतलेली मी.

आक्का गेल्या. दोन मिनिटांत परत आल्या, आणि ह्या वेळी माझ्या हाताला धरलं. "मला काळजी वाटूलाय सिस्टर. खाली झोपलं होतं काय, विचारा की त्याच्या आईला."

पोट दुखतंय म्हणून आलेल्याला कुठे झोपला होतास असं कोण विचारतं? पावसाळ्यात आमच्या भागात विचारावंच लागतं. मण्यार रात्री घरात शिरते, अंथरुणात चावते, चावलेलं धड कळतही नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या पडतात, मग जीभ जड होते, मग श्वास. आई म्हणाली, "होय, पडवीत. भुईवरच."

डॉक्टर एकाच्या डोक्याला टाके घालत होते. मी नाव घेऊन, तीन वाक्यांत सांगितलं: "सर, बेड चारचा मुलगा, पोटदुखी. आता पापण्या पडल्यात. जमिनीवर झोपला होता, मला मण्यारीची शंका आहे." ते हातमोजे काढत आले. जीभ काढ म्हटलं, ती दातांपुढे येईना. एका दमात आकडे म्हण म्हटलं. एक, दोन, तीन... नऊवर दम संपला. दहा मिनिटांनी पाचवर.

एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा बाटल्या. आत पांढरी भुकटी असते, पाणी घालून विरघळवायची, हलवायचं नाही, नाहीतर फेस होतो. तळहातांत हळू फिरवत राहायचं. घाई असताना हळू काम करण्यासारखी शिक्षा नाही. मी, ब्रदर आणि गोकाकची पोरगी रांगेत उभे राहून बाटल्या फिरवत होतो. तयार झाली की मोठ्याने आकडा, मी "चार", ती "ऐदु", ब्रदर "सहा". इथे मात्र कुणाचा गोंधळ झाला नाही. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनलिन भरून, नाव लिहून बाजूला ठेवलं. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटांनी उलटं केलं तर गोठलेलं. घोणस असती तर गोठलं नसतं. मण्यारीत रक्त गोठतंच.

औषध चालू असतानाच छाती उचलेनाशी झाली. पोरगीचा आवाज आला, "एट-झीरो, सर!" डॉक्टर म्हणाले, "एट-झीरो. नळी घालतोय." तोपर्यंत ब्रदरने बॅग हातात घेतली होती, आणि "बॅग माझ्याकडे" असं बोललाही होता.

पाचव्या दिवशी आयसीयूत नळी काढली. त्याला विचारलं, तर म्हणाला, रात्री मुंगी चावल्यासारखं वाटलं होतं, खाजवून परत झोपलो.

पुढच्या बॅचची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं नाव आक्कांचं घातलं. दुपारी ऑफिसातून फोन. "सिस्टर, एक नंबरला कोण आहेत ह्या? नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर राहिलाय बघा."