लाँगयरब्येनचा विमानतळ: व्हिसा लागत नाही म्हणतात, तरी लागतोच

‘स्वालबार्डला व्हिसा लागत नाही’ हे वाक्य खरं आहे. स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं, आणि लाँगयरब्येन हे तिथलं मुख्य गाव. त्याच्या भरवशावर तिकीट काढलेला भारतीय प्रवासी मात्र हमखास अडकतो. १९२०च्या स्वालबार्ड करारामुळे या बेटांवर उतरायला व्हिसा नाही, हे बरोबर. पण तिथे जाणारी नेहमीची विमानं नॉर्वेतल्या ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतात, म्हणजे आधी शेंगेनमध्ये, युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, शिरावं लागतं. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. ऑस्लोत विमानात चढताना तुम्ही कागदोपत्री शेंगेन सोडता आणि परतताना पुन्हा शिरता. हे झाले दोन प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो जातानाच संपतो आणि परतीचं विमान पुन्हा ऑस्लो-ट्रोम्सोलाच उतरतं.

म्हणून अर्ज भरतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. सोबतच्या पत्रात स्वालबार्डच्या तारखा वेगळ्या लिहा आणि जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटं जोडा. पासपोर्ट हातात आला की तिथल्या तिथे स्टिकरवरचा ‘नंबर ऑफ एन्ट्रीज’चा रकाना बघा. तिथे ०२ किंवा ‘मल्ट’ हवं. ०१ असेल तर पुढचं काहीही बुक करू नका. ‘नॉर्वेच आहे, देशांतर्गत विमान आहे, चालून जाईल’ असं सांगणारा एजंट भेटला तर दुसरा एजंट गाठा. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्यांना हा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्टसोबत निवास परवान्याचं कार्ड खिशात हवंच. स्वालबार्डवरचे दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत धरले जात नाहीत, एवढा एक फायदा आहे.

ट्रोम्सोत थांबणारं विमान घेतलं असेल तर तिथे सगळ्यांना उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवून झोपू नका. ऑस्लोत जोडविमान असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर एक रात्र ऑस्लोत काढलेली बरी.

ऑस्लोहून सरळ विमान सुमारे तीन तासांचं. विमानतळ ७८ अंश उत्तरेला, नियमित प्रवासी सेवा असलेला जगातला सर्वांत उत्तरेकडचा. १९७५ साली सुरू झाला. धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. उन्हाळ्यात वरचा थर विरघळला की डांबर खचतं आणि लाटा पडतात, म्हणून काही भागाखाली नंतर उष्णतारोधक थर घालावा लागला. उतरताना दणका बसला तर घाबरायचं कारण नाही. उन्हाळ्यात धुकं, हिवाळ्यात वारा. वैमानिकाने घिरट्या घालून विमान माघारी नेलं तर भांडू नका. पर्यायी मोठा विमानतळ म्हणजे ट्रोम्सो, साडेनऊशे किलोमीटरवर, त्यामुळे परत फिरायचा निर्णय इंधन पुरेसं असतानाच घ्यावा लागतो. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून येणारं विमान खराब हवेत ऑपेरा डोंगरावर आदळलं. सगळे १४१ जण गेले. बहुतेक जण रशियन खाणवस्त्यांतले कामगार आणि त्यांची कुटुंबं. परतीनंतरचा एक दिवस मोकळा ठेवा, हा सल्ला या हवेमुळेच.

एरोब्रिज नाही. शिडीवरून उतरून मोकळ्यावर चालत टर्मिनलमध्ये जायचं. जाड जाकीट, टोपी, हातमोजे चेक-इन बॅगेत टाकलेले लोक इथेच कुडकुडतात. हे सगळं केबिन बॅगेत हवं. आत सामानाचा एकच पट्टा, त्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल. सगळे त्याचे फोटो काढत बसतात आणि बाहेर बस भरते. बॅग मिळाली की आधी बस पकडा. गाव पाच किलोमीटरवर आहे आणि बस विमानाच्या वेळेला लागून हॉटेलाहॉटेलाशी थांबते. एकट्यादुकट्याने टॅक्सी करणं म्हणजे पैशांची नासाडी. तिघे-चौघे असाल तरच विचार करा. पैसे कार्डानेच द्या, रोख बदलून न्यायची गरज नाही.

हॉटेलात शिरताना बूट काढावे लागतात. खाणकामगार कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून दारात बूट काढायचे, ती चाल आजही टिकून आहे. न फाटलेले मोजे घाला, सोबत सपाता घ्या. हे गाव कोळशावरच उभं राहिलं. १९०६ मध्ये लाँगयर नावाच्या अमेरिकन माणसाने खाण सुरू केली आणि १९१६ मध्ये ती नॉर्वेजियन कंपनीकडे गेली. गावाजवळची शेवटची खाण, क्रमांक ७, २०२५च्या जूनअखेर बंद झाली. विमानतळाच्या वर डोंगरात क्रमांक ३ची बंद खाण आहे. तिथे वाटाड्याबरोबर आत जाता येतं, अंगात डांगरी, डोक्यावर हेल्मेट आणि दिवा घालून. वेळ एकाच गोष्टीला असेल तर हीच निवडा. इतक्या ठेंगण्या थरातून माणसं आडवी होऊन कोळसा काढत होती, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवणाऱ्या जवळच्या कोठारात प्रवेश नाही, फक्त दार दिसतं.

गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातर्फे ‘हिमाद्री’ या भारताच्या संशोधन तळावर जाणाऱ्यांचा प्रवास इथेच संपत नाही. तो तळ असलेल्या नी-ओलेसुंदला पुढे छोटं डॉर्नियर विमान जातं. त्या विमानात पर्यटकाच्या तिकिटाने जाता येत नाही आणि उपकरणांच्या वजनाची मर्यादा ओलांडता येत नाही. पोचताच फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्याचा अडथळा होतो. स्मार्ट घड्याळ आणि इअरफोन बंद करायला लोक विसरतात.

विमा साधा नको. गावात रुग्णालय आहे, पण अवघड रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला हलवतात. पॉलिसीत ‘इव्हॅक्युएशन’ स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुकानातून बिअर किंवा कडक दारू घ्यायची तर परतीचं तिकीट दाखवावं लागतं. फोनमध्ये साठवून ठेवा.

परतताना टर्मिनलमध्ये रात्र काढायचा बेत नको, ते विमानांच्या वेळेपुरतं उघडतं. काउंटरवर बॅग कुठपर्यंत टॅग झाली ते विचारा, मुख्य भूमीवर कस्टम्स असतो. तंबूत राहणाऱ्यांनी उरलेलं गॅसचं सिलिंडर मागे ठेवावं, अर्धं भरलेलंही चालत नाही. अस्वलापासून बचावासाठी बंदूक किंवा फ्लेअर घेऊन फिरला असाल तर आदल्या रात्री जाकिटाचा प्रत्येक खिसा उलटा करा. आतल्या अस्तरात सरकलेलं एखादं काडतूस स्कॅनरवर लगेच दिसतं.