पाठवणीत अटकलेली डीव्हीडी

२००९ सालची गोष्ट. अमळनेरला तेव्हा मी लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायचो. मे महिन्यातल्या एका लग्नाच्या पंचवीस कॉप्या हव्या होत्या, त्याही लगेच. जळगावहून ब्लँक डीव्हीडींचा पन्नासचा डबा आणला, सगळ्यांत स्वस्त होता तो. डब्यावर राइट करायचा वेग १६एक्स लिहिलेला, म्हणून १६एक्सवरच राइट केल्या. सहा-साडेसहा मिनिटांत एक.

चौथ्या दिवशी नवरीच्या काकांचा फोन. “भो, हळद बठ्ठी चालस, पाठवणी उनी का अटकस!” म्हणजे हळद सगळी चालते, पाठवणी आली की अडकते. पोरगी सासरी जायलाच तयार नाही म्हणा ना. माझ्या कॉम्प्युटरवर तीच डिस्क ठणठणीत चालत होती.

डीव्हीडी आतून बाहेर राइट होते. १६एक्स म्हटलं तरी सुरुवात सहा-सात एक्सनेच होते आणि पूर्ण वेग अगदी बाहेरच्या कडेला येतो. डिस्क जवळजवळ भरलेली, त्यामुळे पाठवणी नेमकी त्या कडेला. तिथे लेसरला डायवर, म्हणजे डिस्कमधल्या रंगाच्या थरावर, खूण उमटवायला वेळ सगळ्यांत कमी. डाय हलक्या प्रतीचा असला की खुणा धड उमटत नाहीत. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह चुका दुरुस्त करत, पुन्हा वाचत निभावून नेतो. घरचा जुना प्लेअर नाही.

मग त्याच डब्यातल्या डिस्क ८एक्सवर राइट केल्या आणि नीरो या सॉफ्टवेअरच्या डिस्क-टेस्टमध्ये तपासल्या. पीआय एररची, म्हणजे डिस्क वाचताना सापडणाऱ्या चुकांची, मर्यादा २८०. १६एक्सवाली डिस्क शेवटाकडे ती ओलांडत होती, ८एक्सवाली थोडक्यात खाली राहिली. मला वाटलं, ४एक्सवर आणखी सुधारेल. उलट बिघडली! वेगवान डिस्कचा डाय ठरावीक वेगांसाठीच बनवलेला असतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

खरा फरक पडला डिस्क बदलल्यावर. डिस्कवर उत्पादकाचा कोड असतो, तो सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. माझ्या एकाच डब्यात दोन वेगवेगळे कोड निघाले! वरचं नाव एक, माल दुसऱ्याचा. दुसऱ्या दुकानातून थोड्या महागड्या डिस्क घेतल्या, ८एक्सवर राइट केल्या, प्रत्येक व्हेरिफाय केली. पंचवीसला अख्खा दिवस गेला. शेवटी प्रत्येक डिस्क काकांच्याच प्लेअरवर पाठवणीपर्यंत पळवून पाहिली.

खराब पंचवीस परत घेतल्या. पुढच्या हिवाळ्यात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरली तेव्हा भावाने त्या शेतात दोऱ्यांना टांगल्या. पाखरं बिचकायची, ऊन पडलं की.