मुरवलेली फेणी: सत्तरीच्या भट्टीपासून कासावलीच्या कोठीपर्यंत

माझा पुण्याचा आत्येभाऊ नाशिकच्या वायनऱ्या पालथ्या घालून आलेला, आणि घरात ठेवून वर्षागणिक चवीला चढत जाईल असे मद्य गोव्यात बनते का, हा त्याचा प्रश्न. आम्ही डिचोलीची माणसे. उत्तर आमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातच होते. काजूची फेणी नीट गाळलेली आणि नीट ठेवलेली असेल तर वर्षानुवर्षे टिकते आणि मऊ होत जाते; मात्र ती ठेवण्याइतका धीर मोठ्या कारखान्यापेक्षा एखाद्या घराकडेच अधिक असतो. त्यामुळे एप्रिलमध्ये आम्ही आधी वाळपईजवळची एक घरगुती भट्टी पाहिली आणि मग दक्षिणेला कासावलीची कोठी. हाच क्रम इतरांनीही ठेवावा, असे माझे मत आहे.

पणजीहून साखळीमार्गे वाळपई ४० ते ४५ किलोमीटर आहे. बेळगावकडून येणाऱ्यांनी चोर्ला घाट उतरून केरीमार्गे साखळी गाठावी, तर सावंतवाडीकडच्यांना दोडामार्ग-डिचोली हा रस्ता सोयीचा पडतो. पणजीहून वाळपईला कदंबच्या बसगाड्या आहेत, परंतु भट्ट्या मुख्य रस्त्यावर नसून काजूच्या बागायतींच्या कडेला, पाण्याच्या जवळ असतात. म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी स्वतःचे वाहन हवेच. ज्या घराण्याकडे आम्ही गेलो त्यांचे नाव येथे देत नाही, कारण ती भट्टी म्हणजे त्यांचे अंगण आहे, दुकान नव्हे. वाळपई किंवा साखळीच्या ओळखीच्या माणसाकडून आदल्या दिवशी निरोप पाठवला की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

सकाळी लवकर पोहोचणे अत्यावश्यक आहे, कारण बोंडू, म्हणजे काजूची फळे, गोळा करण्याचे काम ऊन चढण्यापूर्वीच उरकते. टोकाला खिळा लावलेल्या काठीने घरातल्या बायका खाली पडलेला एकेक बोंडू टोचून टोपलीत टाकत होत्या. “काका, झाडावरचे का काढत नाही?” असे भावाने विचारले, तेव्हा घरातले वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “तोडलेला तुरट असतो, बाबा. आपणहून पडेल तोच आपला.” बी पिळून वेगळी होते आणि पोत्यात जाते; ती बागायतदार संस्थेकडे किंवा व्यापाऱ्याकडे रोखीने विकली जाते. बोंडू कुंडीत टाकून पायांनी तुडवतात, आणि उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर जड दगड ठेवतात. त्यातून थेंबथेंब गळणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. लहान मुलांना बरोबर नेले असेल तर हा नीरो त्यांना अवश्य पाजावा, मात्र ताजा असतानाच, कारण दुपारपर्यंत तो आंबू लागतो.

तुडवलेला रस साधारण तीन दिवस आपोआप आंबतो. त्यात यीस्ट घालत नाहीत, साखर घालत नाहीत. बुडबुडे थांबले की तो तांब्याच्या भाणात, म्हणजे गाळण्याच्या भांड्यात, चढतो. पूर्वी भाण मातीचे असे. पहिल्या गाळणीतून हुर्राक मिळते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण १५ ते १८ टक्के असते; ती हंगामातच प्यायची, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून, कारण थोड्याच दिवसांत तिचा वास बसतो. ही हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर भाणात घालून गाळली की फेणी होते, ४२ ते ४५ टक्क्यांची. मुरवण्याजोगी चीज ती हीच.

फेणी पुढे मुरेल की नाही हे या दुसऱ्या गाळणीतच ठरते, आणि ती पाहण्यासाठी तासभर तरी थांबायला हवे. धार सुरू झाली तशी काकांनी सुरुवातीची थोडी बाजूला काढली. मग एका उंच, अरुंद भांड्यात नमुना घेऊन त्यात काचेचे मापक सोडले. या मापाला इथे ग्राव म्हणतात. हुर्राक साधारण १५ ग्रावची असते आणि फेणी १९-२० ची. मापक स्थिर होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर दोन थेंब तळहातावर चोळून त्यांनी वास घेतला, आमच्याही नाकाशी हात धरला, आणि पुन्हा धारेकडे वळले. काही वेळाने मापक समाधानकारक आकडा दाखवत असतानाच त्यांनी खालचे भांडे बदलले. आम्हाला वासात काहीच फरक जाणवला नव्हता. शेवटची पाणचट, करपट वासाची धार चांगल्या फेणीत मिसळली की बाटल्यांची संख्या वाढते, पण तो वास पुढे किती वर्षे ठेवला तरी जात नाही. माझ्या मते जुन्या फेणीचे निम्मे श्रेय वेळेवर बदललेल्या या भांड्याला द्यायला हवे.

ठेवणीची फेणी घरामागच्या काळोख्या खोलीत, गराफावांमध्ये होती. हे हिरवट काचेचे, मोठ्या पोटाचे आणि अरुंद गळ्याचे बुधले असतात, आणि त्यांना बूच घट्ट बसवलेले असते. काच फेणीला रंग देत नाही, चव देत नाही. आत होणारा बदल अगदी संथ असतो, आणि तो मुख्यतः वासाची व घशाला लागणारी धार बोथट करणारा असतो. काकांनी दोन पेल्यांत यंदाची आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची अशी शेजारी-शेजारी ओतली. नवीचा बोंडूचा वास खोलीभर पसरला. जुनीसाठी नाक पेल्यात घालावे लागले. वास तोच, परंतु सुकवलेल्या फळासारखा आटोपशीर, आणि घोट गिळल्यावर जळजळ न होता चव मागे रेंगाळत राहिली. लाकडी पिंपात ठेवलेली सोनेरी फेणीही काही ठिकाणी मिळते आणि नवख्याला ती लवकर आवडते, पण लाकडाची चव बोंडूवर कुरघोडी करते. फेणी ओळखायची असेल तर काचेतलीच घ्यावी.

एवढी चांगली गोष्ट घरोघरी का ठेवत नाहीत, याचे कारण पैशात आहे. हंगामात मजुरी आणि लाकूडफाटा रोखीने द्यावा लागतो, शिवाय काजूच्या बागांचे विभाग अबकारी खात्याच्या लिलावातून घ्यावे लागतात. बी आणि हुर्राक विकून हा खर्च कसाबसा भागतो. उरलेली बहुतेक फेणी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) खर्चापूर्वी विकली जाते. त्यानंतरही जे बुधले शिल्लक राहतात, तेवढेच मुरतात. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, तरी अडकलेल्या भांडवलाचा हा पेच घराने आपापला सोडवायचा असतो.

कासावलीला मडगाव-वास्को लोहमार्गावर स्थानक आहे, त्यामुळे तेथे वाहनाची अडचण नाही. काझुलो या नावाने फेणी बनवणाऱ्या वाझ कुटुंबाची कोठी पाहण्यासारखी आहे: तिथे गराफाव पाण्यात उभे करून ठेवलेले आहेत, म्हणजे उन्हाळ्यातही तापमान फारसे वरखाली होत नाही. आधी वेळ ठरवूनच जावे. माडाची फेणीही येथे चाखून पाहावी. काजूच्या आधी चाखली तर तिचा सौम्यपणा कळतो, नंतर चाखली तर ती फिकी वाटते.

जाणाऱ्यांनी मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. पहिला पाऊस पडला की भट्ट्या थंडावतात. पावसाळ्यात येणार असाल तर सत्तरी वगळून थेट कासावली आणि कांदोळीचे ‘ऑल अबाउट अल्कोहोल’ हे फेणीचे संग्रहालय पाहावे. भट्टीवर सुती, जुने कपडे घालावेत, कारण बोंडूच्या रसाचे डाग जात नाहीत. फोटोसाठी आधी विचारावे, विशेषतः बायका काम करत असतील तेव्हा. उपाशीपोटी, भर दुपारी हुर्राक पिऊ नये. ती गोड लागते आणि उन्हात चढते. गाडी चालवणाऱ्याने चव फक्त तळहातावरच घ्यावी. गोव्यात मद्यपानाची वयोमर्यादा २१ वर्षे आहे.

रस्त्याकडेला पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून मिळणारी सुटी फेणी घेऊ नये. घ्यायची ती मोहोरबंद, लेबल असलेली बाटली, आणि बिल जपून ठेवावे. महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की गोव्याची दारू विनापरवाना राज्यात नेणे गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला कसून तपासणी होते. जुनी फेणी कितीही आवडली तरी ती गोव्यातच, रात्रीच्या जेवणाआधी, पाणी वा सोडा न घालता संपवावी.