मनगटापर्यंत धुतलेले हात

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. अर्ध्या भागात मासे, अर्ध्यात कुत्र्याकोंबड्यांचं खाद्य. नुसत्या माशांवर इकडे पोट भरत नाही. टाक्या लावून द्यायच्या, अधूनमधून जाऊन साफ करायच्या आणि काही बिनसलं की फोनवर डॉक्टरकी करायची, असा धंदा. फोनमागची कारणंही ठरलेली असतात. खाणं जास्त टाकलं, मे महिन्यात पाणी तापलं, नाहीतर पाहुण्यांसमोर टाकी चकाचक दिसावी म्हणून कोणीतरी सगळं पाणी एकदम बदललं.

पोळा होऊन गेल्यावर एका खेड्यातून फोन आला, तो यातला नव्हता. अकरावीतला मुलगा बोलत होता. "काका, झिंगे सगळे उलटे पडले. झेब्रे काचेवर डोकं आपटून राह्यले." झेब्रे म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे बारीक मासे.

ही टाकी मीच लावलेली, आणि तिचा मला थोडा गर्व आहे. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. माती-दगड वजा जाता शंभर लिटर पाणी. आमची काळी माती टाकीत चालत नाही. ती भिजली की फुगते, पाणी गढूळ करते आणि तिच्यातल्या चुनखडीनं आधीच जड असलेलं बोअरचं पाणी आणखी जड होतं. म्हणून नर्सरीतली लाल माती खत न मिसळता चाळून घेतली, तिचा दीड इंचाचा थर दिला आणि वर धुतलेली जाड रेती टाकली. झाडंही पाणी बघून निवडली. व्हॅलिसनेरिया जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेते, तिला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्यानं बांधले, कारण त्यांचं खोड रेतीत पुरलं की सडतं. शहरातली दुकानं लकी बांबू 'पाण्यातलं झाड' म्हणून खपवतात. तो बुडवला की पानं कुजतात, मासे सुस्तावतात, मग तेच दुकान मिथिलीन ब्ल्यूची बाटली देतं आणि त्या निळ्या औषधानं फिल्टरमधले उपयोगाचे जिवाणू मरतात. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा माझ्याकडे येतं, तोवर त्याचा या छंदावरचा विश्वास उडालेला असतो. असो.

मी पोचलो तेव्हा लाईट लागून दोन-तीन तास झाले होते आणि टाकी नुसती बहरलेली होती. व्हॅलिसनेरियाच्या पात्यांवरून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटत होते. पाणी नितळ. त्या हिरवळीत लाल चेरी झिंगे पाठीवर पडून पाय झाडत होते, बरेचसे गेलेलेच होते. गप्पी तळाशी निजलेले, मधेच उसळी मारून गोल फिरत. आणि गोगलगायी? त्या आरामात काचेवरचं शेवाळ खात होत्या.

गोगलगायी बघितल्या आणि माझं अर्धं काम झालं. प्राणवायू कमी पडला असता तर मासे पृष्ठभागावर तोंड काढून असते. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट २०, पीएच ७.८, तापमान २८, म्हणजे सगळं जागेवर. घरामागे संत्र्याची दोन झाडं आहेत, त्यांना बोर्डो मिश्रण मारतात, म्हणून त्यातल्या मोरचुदाचाही, म्हणजे तांब्याचा, विचार केला. पण तांब्यानं गोगलगायी वाचत नाहीत. झिंगे मेले, मासे झटके देतायत, गोगलगायी ठणठणीत, झाडांना पत्ताच नाही. म्हणजे कीटकनाशक. ते किड्याच्या मज्जासंस्थेवर मारा करतं आणि झिंगा हा पाण्यातला किड्याचा भाऊबंदच.

पण आलं कुठून? खोलीत डासांची लिक्विड मशीन नव्हती, मच्छरदाणी होती. ग्रामपंचायतीची धूरफवारणी पोळ्याच्या आधीच होऊन गेलेली. टाकीची लाल बादली मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी देतो, वर पांढऱ्या रंगात 'मासे' लिहून. ती जागेवर, कोरडी. औषधाचे डबे गोठ्याच्या माळ्यावर. घर नीटनेटकं, माणसं शहाणी.

"टाकीत कोणी हात घातला होता काय?" मी विचारलं.

मुलगा नाही म्हणाला. आतून त्याची आई म्हणाली, "काल संध्याकाळी यायनंच तं घातला. एक झाड उपटून वर तरंगत होतं, ते रोवलं."

ते दारातच उभे होते. टाकी मुलाच्या हट्टानं आली, पण जीव बापाचा बसला. शेतातून आले की आधी टाकीसमोर बसतात, पिवळं पान दिसलं की काढतात. म्हणाले, "मी हात धुतले होते ना भाऊ. साबन लावून."

"कुठपर्यंत?"

त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं उजवं मनगट दाखवलं.

टाकी दीड फूट उंच आहे. तळाशी झाड रोवायचं तर हात दंडापर्यंत पाण्यात जातो.

मग फवारणीचा पंप बघायला मागितला. पाठीवरचा बॅटरीचा पंप. दांडीवरचा खटका दाबला की मुठीजवळून थेंब गळत होते आणि दांडी वर धरली की ते थेट कोपराकडे ओघळत होते. कपाशीची पऱ्हाटी छातीला आलेली, दांडी वर धरावीच लागते. बोंडअळीसाठी प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण, ४० आणि ४ टक्क्यांचं, पंधरा लिटरच्या पंपाला ३० मिलि. गणित तिथेच मुलाच्या वहीत मांडलं. फवाऱ्याच्या एका मिलिमध्ये सायपरमेथ्रिन ८० मायक्रोग्रॅम. ते शंभर लिटरमध्ये गेलं की लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम, आणि प्रोफेनोफॉस त्याच्या दहापट. झिंग्यांसारख्या जिवांना सायपरमेथ्रिनचा एवढा अंशही झेपत नाही. आणि दिवसभर ओल्या राहिलेल्या हातावर, बाहीखाली, एकच मिलि थोडंच असतं.

खात्रीसाठी दुकानातून डॅफ्निया मागवले, म्हणजे झिंग्यांच्याच जातकुळीतले पाण्यातले बारीक जीव. माशांच्या पिलांना खायला म्हणून मी ते सिमेंटच्या टाक्यात वाढवतो. एका बरणीत बोअरचं पाणी, दुसरीत टाकीचं, दोन्हीत सारखेच डॅफ्निया सोडले. संध्याकाळपर्यंत टाकीच्या पाण्यातले तळाला बसले, बोअरमधले उड्या मारत होते. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा म्हटलं तर गाव कुठे, प्रयोगशाळा कुठे. ही बरणी फुकट आहे आणि त्याच दिवशी उत्तर देते.

पुढचं काम सरळ होतं. निम्मं पाणी लगेच बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, फक्त तापमान जुळवायचं. फिल्टरमध्ये नारळाच्या करवंटीचा अॅक्टिव्हेटेड कार्बन भरला. मेलेले झिंगे एकूण एक वेचले, नाहीतर ते सडून अमोनिया वाढतो आणि उरलेले मासे त्यानं जातात. सायपरमेथ्रिन पाण्यात फार टिकत नाही, ते मातीला नि गाळाला चिकटतं, म्हणून मुळं हलवायची नाहीत असं बजावलं. गप्पी गेले. झेब्रे बरेच वाचले.

टाकीचं ठीक. मला आठवत राहतं ते पाणी काढताना झालेलं बोलणं. मी सहज विचारलं, फवाऱ्याच्या दिवशी डोळ्यांची आग, डोकं जड, मळमळ असं काही?

"होतेच ना भाऊ तसं. रातच्याले झोपलं की सकाळी उतरते."

मी मासेवाला आहे. मला एवढं माहीत आहे की सायपरमेथ्रिन माणसाचं शरीर बऱ्यापैकी लवकर मोडतं, माशाला ते जमत नाही. पण डब्यात दुसरा भाग प्रोफेनोफॉसचा आहे आणि तो कातडीतून आत जातो. २०१७च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं दगावली. तेव्हापासून हातमोजे, मास्क, चष्मा यांची पोस्टरं कृषी केंद्रांवर लागलेली आहेत, आणि सप्टेंबरच्या दमट उन्हात ते मोजे घालून पंप चालवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पोस्टर छापणाऱ्यानं एक दिवस ते घालून तासं धरावीत. गळकी मूठ दुरुस्त करा, असं मात्र मी एकाही पोस्टरवर वाचलं नाही.

त्यांना मी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा म्हटलं. ते हसले. "झिंगे मेले म्हनून मी डॉक्टरकडे जाऊ काय?" बायको हसली नाही. तिनं त्याच दिवशी न्हाणीत वेगळा साबण ठेवला आणि फवाऱ्याचा शर्ट घरात आणायचा नाही म्हणून सांगितलं. टाकीत मुलाशिवाय कोणी हात घालायचा नाही, हेही तिनंच ठरवलं.

परवा त्यांचा फोन होता. दर आठवड्याला बरणीतली परीक्षा मुलगाच घेतो, आता टाकीच्या पाण्यात डॅफ्निया जगताहेत. तर झिंगे कधी सोडायचे?

"मुठीचं वायसर बदललं काय?"

"बदलतो ना. फवारा आता एकच रायला."

वायसर बदलून पंप मला दाखवा, मग झिंगे देतो, असं मी सांगितलं. दहा-वीस रुपयांची वस्तू. झिंगे यवतमाळात कुठेही मिळतात, हे त्यांना माहीत आहे, आणि कॉलेजच्या निमित्तानं मुलगा तिकडे जातोच. त्याला मी वायसरचं माप लिहून दिलंय.